क्रूझवर जाताना: कागदपत्रांपासून शेवटच्या सकाळपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

क्रूझवर गोंधळ भर समुद्रात क्वचितच होतो. तो होतो बंदराच्या काउंटरवर, जहाजात चढल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार तासांत, एखाद्या बंदरावर फिरून परत येताना आणि उतरण्याच्या आदल्या रात्री. या चारही ठिकाणी कामांचा क्रम ठरलेला असतो आणि हॉटेलच्या किंवा विमानप्रवासाच्या सवयीने वागलं की तो चुकतो. हॉटेलात रात्री उशिरा पोचलात तरी खोली तुमचीच असते. जहाज मात्र तोवर निघून गेलेलं असतं. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या.

## टप्पा १: कागदपत्रं (निघण्याच्या दोन-तीन महिने आधी)

१. बुकिंगवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. लग्नानंतर बदललेलं आडनाव, गाळलेलं मधलं नाव, उलट-सुलट झालेला क्रम, असल्या चुका आत्ता एका ईमेलने दुरुस्त होतात. बंदरावर त्याच चुकीमुळे प्रवासी मागे राहतो.

२. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान ६ महिने शिल्लक हवी. प्रवास संपेपर्यंत मुदत आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. वाटेतल्या एखाद्या देशाची अट वेगळी असेल तर तुम्हाला सुरुवातीच्या बंदरावरच थांबवलं जातं.

३. व्हिसा. सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते. समजा, जहाज बार्सिलोनाहून निघतं, ट्युनिसला जातं आणि नंतर नेपल्सला येतं. बार्सिलोना आणि नेपल्स दोन्ही शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहेत, पण मधलं ट्युनिस त्याच्या बाहेर आहे. म्हणजे नेपल्सला तुमचा शेंगेनमध्ये दुसरा प्रवेश होतो आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे निरुपयोगी ठरतो. मार्गातली बंदरं एका कागदावर क्रमाने लिहा, प्रत्येकापुढे देश लिहा आणि कुठल्या देशात किंवा व्हिसाक्षेत्रात आपण दोनदा शिरतो ते पाहा. ‘आम्ही त्या बंदरावर उतरणारच नाही’ हे कारण बहुतेक वेळा चालत नाही. मार्गावरच्या सगळ्या देशांचे व्हिसा असल्याशिवाय अनेक कंपन्या जहाजात पाऊलही ठेवू देत नाहीत.

४. गर्भवती आणि तान्ही बाळं. प्रवास संपेपर्यंत गर्भारपणाचा २४वा आठवडा लागणार असेल तर बहुतेक कंपन्या प्रवेश नाकारतात. बाळ साधारणपणे किमान ६ महिन्यांचं असावं लागतं आणि सलग अनेक दिवस समुद्रातच असणाऱ्या लांबच्या सफरीत १२ महिन्यांचं. जहाजावर डॉक्टर असतो, पण प्रसूतीची किंवा नवजात बाळाच्या अतिदक्षता उपचारांची सोय नसते. ही अट त्यासाठी आहे, तिच्यावर वाद घालू नका.

५. विमा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल वेगळं लागतं आणि ते किरकोळ नसतं. रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा दुसऱ्या बोटीने किनाऱ्यावर न्यावं लागलं तर तो खर्च पॉलिसीत बसतो का, एवढं एक वाक्य पॉलिसीच्या कागदात शोधाच.

६. आहार. शाकाहार, ॲलर्जी, ग्लूटेन चालत नसणं, हे सगळं बुकिंगच्या वेळीच किंवा किमान ४५ दिवस आधी लेखी कळवा. जहाजात शिधा बंदरावरच भरला जातो, समुद्रात बाजार नसतो. कळवलं असलं तरी पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगा. बुकिंगमधली नोंद स्वयंपाकघरापर्यंत पोचलीच असेल असं धरून चालू नका.

तपासा: विमानाने येत असाल तर जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोचता का? त्याच दिवशी सकाळी उतरणारं विमान तीन तास उशिरा आलं की सगळी सफर हातची जाते.

## टप्पा २: केबिनची जागा आणि बोट लागण्याची तयारी

ज्यांना बस लागते त्यांनी बोटही लागेल असं गृहीत धरूनच केबिन निवडावी. जहाज पुढे-मागे झोके घेतं तेव्हा सी-सॉप्रमाणे टोकं सर्वांत जास्त वर-खाली होतात आणि मध्य कमी हलतो. जितकं वर जाल तितकं डोलणंही वाढतं. म्हणून खालच्या डेकवरची, लांबीच्या मध्याजवळची केबिन घ्या. सर्वांत वरच्या मजल्यावर पुढच्या टोकाला असलेली, उत्तम देखाव्याची केबिन अशा माणसाला त्रासदायक ठरते. झोप महत्त्वाची असेल तर नकाशात तुमच्या केबिनच्या बरोबर वर आणि खाली काय आहे तेही पाहा. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवण्याचा आवाज येतो. वर आणि खाली केबिनच असलेली जागा सगळ्यांत शांत.

गोळीच्या बाबतीत एकच नियम: मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची. मेक्लिझिनसारखी गोळी प्रवासाच्या सुमारे एक तास आधी घ्यावी लागते. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी किमान ४ तास आधी लावावी लागते आणि ती ३ दिवस चालते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पट्टीला हात लागला तर लगेच साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं.

तरीही मळमळलंच तर केबिनमध्ये आडवं पडून मोबाइल बघत बसू नका. मधल्या भागातल्या मोकळ्या डेकवर जा, क्षितिजाकडे नजर ठेवा आणि कोरडी बिस्किटं थोडी थोडी खा. रिकाम्या पोटी त्रास वाढतो.

## टप्पा ३: दोन बॅगांची पद्धत

मोठी बॅग बंदरावर हमालाकडे द्यायची असते आणि ती केबिनच्या दारात कधी संध्याकाळी, कधी रात्रीच्या जेवणानंतर येते. तोवर तुमच्याकडे असते ती फक्त हातातली बॅग. तिच्यात हे हवंच:

- पासपोर्ट, व्हिसा, बोर्डिंगचे कागद, विम्याची प्रत
- सर्व औषधं, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि प्रवासापेक्षा ३-४ दिवस जास्तीची
- चष्मा, चार्जर, दागिने, कॅमेरा
- रात्रीच्या जेवणाला चालेल असा एक जोड, आणि तलावात उतरायचं असेल तर पोहण्याचे कपडे

पासपोर्ट मोठ्या बॅगेत घालून ती हमालाला देणं ही दर फेरीला कुणाच्या ना कुणाच्या हातून घडणारी चूक आहे. मग शेकडो बॅगांच्या ढिगातून ती एक शोधेपर्यंत काउंटर बंद व्हायची वेळ येते. बॅगेची चिठ्ठी घरूनच छापून न्या आणि ती कागदीच असेल तर पारदर्शक पिशवीत घालून स्टेपल करा.

नेऊ नयेत अशा गोष्टी: इस्त्री, कपड्यांना वाफ देणारं यंत्र, किटली, मेणबत्ती, उदबत्ती, ड्रोन आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेला विजेचा बोर्ड. शेवटच्या वस्तूचं लोकांना नवल वाटतं, कारण घरी तीच सुरक्षित समजली जाते. घरात न्यूट्रल तार जमिनीशी जोडलेली असते. जहाजावरच्या विजेच्या मांडणीत बहुतेकदा ती तशी जोडलेली नसते आणि दोन्ही तारांत दाब असू शकतो. अशा मांडणीवर घरगुती सर्ज प्रोटेक्टर तापून पेटू शकतो. त्याऐवजी यूएसबीचे तीन-चार पॉइंट असलेला साधा चार्जर न्या. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हूक खिशात टाकलेत तर टोप्या, ओळखपत्रं आणि ओले कपडे टांगायची सोय होते.

## टप्पा ४: चढण्याचा दिवस

१. ऑनलाइन चेक-इन घरूनच पुरं करा आणि मिळालेल्या वेळेतच बंदरावर जा. दोन तास आधी जाऊन लवकर आत घेत नाहीत, नुसती रांग वाढते.

२. काउंटर जहाज सुटण्याच्या ६० ते ९० मिनिटं आधी बंद होतो. प्रवाशांची अंतिम यादी अधिकाऱ्यांना तेव्हा द्यावी लागते. जहाज धक्क्यावर समोर उभं दिसत असूनही आत न घेतलेले प्रवासी असतात, ते याचमुळे.

३. क्रूझ कार्ड हातात पडलं की त्यावरचं मस्टर स्टेशनचं, म्हणजे आणीबाणीत जमायच्या जागेचं, अक्षर किंवा क्रमांक वाचा. हे कार्ड तुमची किल्ली, ओळखपत्र आणि पैशाचं पाकीट आहे. जहाजावरून उतरताना-चढताना तेच स्कॅन होतं.

४. केबिन साधारण दुपारी एक-दीडनंतर मिळते. तोवर सगळे बफेकडे धावतात. मुख्य जेवणघर पहिल्या दुपारी उघडं असेल तर तिथे जा, गर्दी निम्मीही नसते.

५. केबिन मिळाल्यावर लाइफ जॅकेट मोजा. माणशी एक हवंच. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या मापाचं आहे का पाहा, नसेल तर केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला लगेच सांगा. काही जहाजांवर ती केबिनमध्ये नसून मस्टर स्टेशनवर ठेवलेली असतात, तेही याच वेळी विचारून घ्या.

## टप्पा ५: सुरक्षा सराव

हा टाळता येत नाही आणि टाळू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या वेळी सराव चढल्यापासून २४ तासांच्या आत घेतला तरी चालत असे, त्यामुळे त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव अजून व्हायचाच होता. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हावा लागतो.

अनेक जहाजांवर हल्ली सरावाचे दोन भाग असतात: फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर चित्रफीत पाहायची आणि मग स्वतः मस्टर स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचं. लोक पहिला भाग करतात आणि दुसरा विसरतात. मग त्यांची नावं ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात.

लक्षात ठेवायचं ते असं:

- सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी.
- जायचं ते मस्टर स्टेशनवर. परस्पर जीवरक्षक बोटीकडे धावायचं नाही.
- लिफ्ट वापरायची नाही. बाहेर असाल तर सामानासाठी केबिनकडे परत फिरायचं नाही. केबिनमध्येच असाल तर उबदार कपडे, बंद बूट, रोजची औषधं आणि लाइफ जॅकेट घेऊन निघायचं.

सराव झाल्यावर केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत जिन्याने एकदा चालत जा. वाटेतली दारं मोजा. धुरात डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा हीच मोजणी कामाला येते.

सावधान: कुणी समुद्रात पडताना दिसलं तर मोठ्याने ओरडा, जवळचं तरंगतं कडं फेका आणि त्या व्यक्तीकडे बोट दाखवत नजर तिथेच खिळवून ठेवा. कळवायला दुसऱ्याला पाठवा. एकदा नजर हटली की लाटांमध्ये डोकं पुन्हा सापडत नाही.

## टप्पा ६: केबिन, बाल्कनी आणि इतरांच्या सोयी

बाल्कनीत सिगारेट ओढू नका आणि थोटूक समुद्रात भिरकावू नका. ते वाऱ्याने उडून खालच्या कुणाच्या बाल्कनीत पडतं. मार्च २००६ मध्ये स्टार प्रिन्सेस जहाजाला जमैकाकडे जाताना लागलेली आग एका बाल्कनीतून सुरू झाली. तपासात फेकलेलं थोटूक हेच तिचं संभाव्य कारण ठरलं. धुराने एका प्रवाशाचा मृत्यू झाला. ओढायचीच असेल तर त्यासाठी राखून ठेवलेल्या डेकवर जा. ओला टॉवेलही कठड्यावर टाकू नका. प्लास्टिकचा कपटासुद्धा समुद्रात टाकायला मार्पोल या जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जगभर बंदी आहे.

बाल्कनीचं आणि केबिनचं दार एकाच वेळी उघडं ठेवलं की वाऱ्याचा बोगदा तयार होतो आणि दार जोरात आपटतं. त्यात बोटं चिरडतात. चौकटीवर हात ठेवून उभं राहायची सवय जहाजावर सोडायची. डेकवर जाणाऱ्या पोलादी दारांचे उंबरे उंच असतात, तिथे पाय उचलूनच टाका. चालताना एक हात नेहमी कठड्यासाठी मोकळा ठेवा, समुद्र शांत दिसत असला तरी.

संडास हवेच्या दाबावर चालतो. त्यात कागदाखेरीज काहीही टाकलं, अगदी ‘फ्लश करता येतं’ असं लिहिलेला ओला रुमाल जरी टाकला, तरी नळी तुंबते आणि शेजारच्या केबिनचे संडासही बंद पडू शकतात.

बाकी शिष्टाचार थोडक्यात. बाल्कन्यांमधली भिंत पातळ असते, तिथलं बोलणं शेजाऱ्याला ऐकू जातं. मोबाइलवर गाणी लावायची तर कानात. रात्री बोळातून जाताना आवाज खाली ठेवा. लिफ्टमधून आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या आणि चाकाच्या खुर्चीला कायम पहिला मान द्या. तलावाजवळच्या खुर्चीवर पहाटे टॉवेल टाकून नाश्त्याला जाणं हे इतर प्रवाशांशी अन्यायाचं वागणं आहे. बऱ्याच जहाजांवर अर्ध्या-पाऊण तासाने कर्मचारी तो टॉवेल उचलतात, आणि योग्यच करतात. लंगोट वापरणाऱ्या बाळांना सार्वजनिक तलावात उतरवता येत नाही, पोहण्याचा खास लंगोट असला तरीही. पाण्यात विष्ठा मिसळली तर सगळा तलाव रिकामा करून निर्जंतुक करावा लागतो.

पोहण्याच्या कपड्यांवर किंवा अनवाणी जेवणघरात जाऊ नका. एखादी संध्याकाळ औपचारिक पोशाखाची असेल तर एकच नीटनेटका पोशाख पुरतो. तो नको असेल तर त्या दिवशी बफेत जेवा.

## टप्पा ७: हात, बफे आणि आजार

जहाजावर पोटाचा आजार पसरतो तो बहुतेकदा नोरोव्हायरसमुळे. त्याच्यावर हाताला चोळायचं अल्कोहोलचं जेल फारसं चालत नाही. म्हणून बफेच्या दाराशी जेलचा फवारा मिळाला तरी त्याआधी बेसिनवर साबण-पाण्याने २० सेकंद हात धुवा. बफेतले चिमटे शेकडो हातांतून जातात. वाढून घेतल्यावर आणि खायला बसण्याआधी हात पुन्हा स्वच्छ करणं उत्तम. बोटांनी पदार्थ उचलू नका, उष्टी ताटली घेऊन दुसऱ्यांदा वाढून घेऊ नका, नवीन ताटली घ्या.

उलटी किंवा जुलाब सुरू झाले तर लपवू नका. केबिनमधूनच दवाखान्याला फोन करा. लक्षणं थांबल्यानंतरही साधारण ४८ तासांपर्यंत केबिनमध्ये राहायला सांगतात. दोन दिवस वाया जातात हे खरं, पण लपवणारा माणूस जेवणाच्या टेबलापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत सगळीकडे आजार ठेवत जातो, आणि त्याच जहाजावर सत्तरी-ऐंशीची माणसंही असतात.

## टप्पा ८: खातं, टिप आणि फोन

फोन पहिल्या दिवशी धक्का सोडण्याआधीच एअरप्लेन मोडवर टाका आणि फक्त वाय-फाय चालू ठेवा. समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि बिल घरी गेल्यावर कळतं.

खात्याला शक्यतो क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट कार्ड जोडलं तर कंपनी रोज काही रक्कम अडकवून ठेवते आणि ती सुटायला प्रवासानंतरही अनेक दिवस जातात. बऱ्याच जहाजांवर माणशी रोजची टिप खात्यात आपोआप लागते आणि पेयांच्या बिलावर सेवाशुल्क वेगळं लागतं. पावतीवर पुन्हा टिपची ओळ दिसली तर ती भरायलाच हवी असं नाही. मात्र शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन आपोआप लागलेली टिप काढून घेऊ नका. ती तुमची केबिन रोज आवरणाऱ्या आणि ताटं धुणाऱ्या माणसांपर्यंत जाते.

## टप्पा ९: बंदरावर उतरणं आणि वेळेत परतणं

१. आदल्या रात्रीच्या कार्यक्रमपत्रकात दोन वेळा शोधा: जहाज सुटण्याची आणि सर्वांनी आत असण्याची. दुसरी वेळ बहुधा ३० मिनिटं आधीची असते, काही ठिकाणी ६०. तुमच्यासाठी दुसरीच महत्त्वाची.

२. ती वेळ जहाजाच्या घड्याळाची आहे की स्थानिक, ते विचारा. दोन्हींत एक तासाचा फरक असू शकतो. फोन किनाऱ्यावरच्या नेटवर्कला जोडला की स्थानिक वेळ दाखवायला लागतो आणि नेमका तिथेच घात होतो. हातात साधं घड्याळ घाला, जहाजाच्या वेळेवर लावलेलं.

३. पत्रकावर जहाज कंपनीच्या बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

४. जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात नांगर टाकणार असेल तर किनाऱ्यावर छोट्या बोटींनी नेतात. त्यासाठी सकाळी क्रमांक घ्यावा लागतो. परतीची शेवटची बोट सर्वांनी आत असण्याच्या वेळेच्या आधी सुटते आणि तिच्यासाठी लांब रांग लागते, म्हणून एक तास आधीच निघा.

५. स्वतः ठरवलेल्या सहलीत किमान दीड-दोन तासांचा मोकळा अवधी ठेवा. जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा कंपनी पुढची सोय करते. स्वतःच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. लांबच्या ठिकाणी जायचं असेल तर जहाजाचीच सहल घ्या, जवळपास पायी फिरायचं असेल तर पैसे वाचवा.

जहाज चुकलंच तर: धक्क्यावर रडारड करत बसू नका, आधी एजंटला फोन करा. प्रवासी परतले नाहीत हे कळल्यावर कर्मचारी अनेकदा केबिनच्या तिजोरीतून पासपोर्ट काढून एजंटकडे देतात. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. म्हणून उतरताना पासपोर्टची प्रत, कार्ड आणि एक दिवसाची औषधं जवळ असू द्या.

## टप्पा १०: शेवटची रात्र आणि सकाळ

शेवटच्या दुपारी खात्याचा हिशेब टीव्हीवर किंवा ॲपवर वाचा. चूक असेल तर त्याच वेळी काउंटरवर जा, सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

रात्री साधारण दहा-अकरापर्यंत मोठ्या बॅगा रंगीत चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या लगेच खाली नेल्या जातात. बॅग भरण्याआधी उद्याचे कपडे, अंतर्वस्त्रं, बूट, औषधं आणि दात घासण्याचं सामान पलंगावर बाजूला काढून ठेवा आणि मगच बाकीचं भरा. उलट क्रमाने भरणारे सकाळी रात्रीच्या कपड्यांत आणि जहाजाच्या स्लिपरमध्ये उतरतात. सामान स्वतः उचलून नेता येत असेल तर बॅगा बाहेर न ठेवता सर्वांत आधी उतरण्याचा पर्याय घ्या. मात्र जिन्याने वा गर्दीच्या लिफ्टमधून प्रत्येकाने आपली बॅग स्वतः नेली पाहिजे.

परतीचं विमान दुपारी बाराच्या आधीचं घेऊ नका. जहाज सकाळी धक्क्याला लागलं तरी तपासणी होईपर्यंत कुणालाच उतरता येत नाही.

निघताना तिजोरी उघडी आहे आणि रिकामी आहे याची खात्री करा, पलंगाखाली आणि चार्जिंगच्या जागी एकदा पाहा. बफेतली फळं किंवा मांसाचे पदार्थ बॅगेत घालू नका. अनेक देशांत ते उतरवायला बंदी असते आणि दंड होतो. टर्मिनलमध्ये बॅगा रंगांप्रमाणे मांडलेल्या असतात आणि काळ्या बॅगा एकमेकींसारख्याच दिसतात, म्हणून चिठ्ठीवरचं नाव वाचूनच बॅग उचला.